विश्वस्ताने विश्वास विकू नये

व्यवहारातील सर्वांत महाग वस्तू कोणती, असे जुन्या पेढीवरच्या मुनिमाला विचारले असते, तर त्याने सोने किंवा जमीन असे उत्तर दिले नसते. ‘पत’ असे एका शब्दात सांगितले असते. पत मिळवायला दोन-तीन पिढ्या खर्ची पडतात आणि गमवायला एक दुपार पुरते. माणसांच्या बाबतीत हे जितके खरे, तितकेच संस्थांच्या बाबतीतही खरे आहे. किंबहुना, जी संस्था नफ्यासाठी न निघता एखाद्या ध्येयासाठी उभी राहते, तिच्याजवळ पत वगळता दुसरे भांडवलच नसते.

संघटनेच्या कामात मुरलेल्या कार्यकर्त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. वस्तीतील घरांशी त्याचा वर्षानुवर्षांचा संपर्क असतो. माजघरापर्यंत वावर असतो. घरातील आजी त्याच्यापुढे चहा ठेवताना नातवाच्या नोकरीची आणि नातीच्या स्थळाची काळजी मोकळेपणाने बोलून दाखवते. अशा कार्यकर्त्याने एके दिवशी पिशवीतून विम्याचे अर्ज काढून पुढे ठेवले, तर? विमा ही वाईट गोष्ट नव्हे. कदाचित त्या घराला त्याची गरजही असेल. तरीही त्या क्षणी घरातल्यांच्या मनात एक शंका डोकावते, ‘हा इतकी वर्षे येत होता, तो याचसाठी का?’ पुढच्या खेपेला दार उघडते, चहाही मिळतो. पण बोलणे मात्र बेताचे होते.

संगणकाच्या जगात मे २०२३ मध्ये नेमके हेच घडले. ‘फायरफॉक्स’ हा ब्राउझर, म्हणजे महाजालाचे दार उघडून देणारी संगणक-प्रणाली, वापरणाऱ्या अनेकांच्या पडद्यावर काम चालू असतानाच एक मोठी जाहिरात अवतरली. मागचे पान झाकोळून गेले. जाहिरात बंद केल्याखेरीज पुढचे काम करता येईना. जाहिरात कोणा परक्याची नव्हती. फायरफॉक्स तयार करणाऱ्या ‘मोझिला’ या संस्थेचीच होती आणि ती होती ‘मोझिला व्हीपीएन’ या तिच्या सशुल्क सेवेची. आपली गोपनीयता जपायची असेल तर ही सेवा घ्या, सवलतही आहे, असा तिचा आशय होता. वापरकर्त्यांनी तक्रारींचा भडिमार केला. संस्थेने काही दिवसांतच ती जाहिरात मागे घेतली आणि जे साधायचे होते त्याच्या नेमके उलट घडले, अशी कबुली देऊन दिलगिरीही व्यक्त केली.

एका जाहिरातीवरून एवढे वादळ का उठावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. महाजालावर पावलोपावली जाहिराती आहेत. त्यांना लोक सरावले आहेत. परंतु हे वादळ समजून घ्यायचे, तर या संस्थेचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे.

१९९८ मध्ये ‘नेटस्केप’ या अमेरिकन कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता जगाला खुली केली. त्यातून मोझिला प्रकल्प जन्माला आला. २००३ मध्ये त्याला ना-नफा प्रतिष्ठानाचे रूप मिळाले. त्या काळात ‘मायक्रोसॉफ्ट’च्या ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ची महाजालावर जवळजवळ एकहाती सत्ता होती. त्या सत्तेला आव्हान देत ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. तिच्या पाठीशी भांडवलदार नव्हते. गावोगावचे, देशोदेशींचे स्वयंसेवक होते. त्याच वर्षी १६ डिसेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये फायरफॉक्सची दोन पानी जाहिरात झळकली. तिचा खर्च सामान्य वापरकर्त्यांनी वर्गणी काढून केला होता आणि वर्गणीदारांची हजारो नावे त्या पानांवर बारीक अक्षरांत छापली होती. फायरफॉक्सला अनेक भाषांचा वेश चढवला तो प्रामुख्याने स्वयंसेवकांनी. मराठीतूनही फायरफॉक्स वापरता येतो, यामागे अशीच विनामोबदला खपलेली मंडळी आहेत. २००९-१० च्या सुमारास जगातील साधारण एकतृतीयांश वापरकर्ते या ब्राउझरकडे वळले होते. ‘ही मंडळी आपल्याला विकणार नाहीत’ हा विश्वास हेच त्यांच्या निवडीचे मोठे कारण होते.

अशा संस्थेने गोपनीयतेची जाहिरात वापरकर्त्याच्या कामात आडवी घातली, म्हणून ती जिव्हारी लागली. जे ‘व्रत’ म्हणून स्वीकारले होते, ते आता ‘दर’ लावून समोर आले, अशी लोकांची भावना झाली.

ही सेवा म्हणजे काय, हेही नीट समजून घेणे आवश्यक आहे. कारण भीतीचा बाजार अज्ञानावर चालतो. आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण बंद पाकिटातून होते. पाकिटातला मजकूर पोस्टमनला, म्हणजे आपल्याला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, वाचता येत नाही. मात्र पाकिटावरचा पत्ता दिसतो. व्हीपीएन म्हणजे हे पाकीट आणखी एका थैलीत घालून दुसऱ्या गावच्या एका मध्यस्थाकडे पाठवायचे आणि त्याने ते पुढे टाकायचे. आता आपल्या पोस्टमनला फक्त मध्यस्थाचा पत्ता दिसतो. ज्याच्याकडे पत्र जायचे, त्यालाही ते मध्यस्थाच्या गावाहून आल्यासारखे वाटते. कचेरीचे काम घरून करणाऱ्यांना किंवा रेल्वे स्थानकावरील सार्वजनिक जोडणी वापरणाऱ्यांना याचा उपयोग आहे, यात शंका नाही. पण सगळे पत्ते आता त्या मध्यस्थाला दिसू लागले, त्याचे काय? विश्वास ठेवण्याची गरज संपलेली नाही; विश्वास एका हातातून दुसऱ्या हातात गेला, इतकेच. शिवाय आपण स्वतःच्या नावाने एखाद्या संकेतस्थळावर प्रवेश केला, तर तेथे आपण कोण आहोत हे कोणतीही थैली लपवू शकत नाही. खोटा दूरध्वनी करून बँकेचा परवलीचा अंक विचारणाऱ्या भामट्यापासूनही व्हीपीएन वाचवत नाही. मोझिलाची ही सेवा ‘मुलवाद’ या स्वीडिश कंपनीच्या यंत्रणेवर चालते. त्या कंपनीचा या क्षेत्रात लौकिक चांगला आहे. तरीही एवढा तपशील जाणून निवड करणारा ग्राहक वेगळा आणि काम अडवून पुढे केलेल्या पाटीला घाबरून पैसे भरणारा ग्राहक वेगळा.

तेव्हा दोष कशात आहे? सेवा विकण्यात नाही. संस्था चालवायची तर पैसा लागतो आणि उघडपणे मोल सांगून सेवा देणे हा प्रामाणिक मार्ग आहे. दोष आहे तो जागा आणि रीत यांत. देवळाच्या वाटेवर हार-फुलांचे दुकान असण्याला कोणी हरकत घेत नाही; पण पुजाऱ्यानेच गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर आडवे उभे राहून हार विकू नयेत. ब्राउझरमधून आज घराचा सारा संसार ये-जा करतो. बँकेचे व्यवहार, प्राप्तिकराचे विवरणपत्र, रेल्वेचे आरक्षण, आईच्या रक्ततपासणीचा अहवाल, मुलाचा प्रवेशअर्ज, मुलीच्या विवाहाची नोंदणी, सारे त्या एका खिडकीतून जाते. ज्याच्या हाती ही खिडकी आहे, त्याला मिळालेले स्थान विश्वस्ताचे आहे. त्या स्थानाचा उपयोग स्वतःचा माल खपवण्यासाठी झाला की खिडकी आणि दुकान यांतील भिंत कोसळते.

हा प्रमाद एकटादुकटा असता, तर माफीनंतर विषय संपला असता. परंतु डिसेंबर २०१७ मध्ये एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या प्रसिद्धीसाठी बनवलेली पुरवणी याच संस्थेने अनेक वापरकर्त्यांच्या ब्राउझरमध्ये न विचारता उतरवली होती. त्याही वेळी माफी मागावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक सशुल्क सेवा आली. महाजालावर विखुरलेली आपली वैयक्तिक माहिती शोधून ती काढून टाकण्याची ही सेवा. त्यासाठी ज्या कंपनीशी भागीदारी केली, तिच्या प्रमुखानेच पूर्वी लोकांची माहिती शोधून देणारी डझनावारी संकेतस्थळे स्थापन केली होती, असे पुढच्याच महिन्यात ब्रायन क्रेब्स या शोधपत्रकाराने उघडकीस आणले. संस्थेला ती भागीदारी संपवण्याची घोषणा करावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये वापराच्या नव्या अटी आल्या. त्यांतील शब्दयोजना इतकी व्यापक होती, की आपण जे काही टंकित करू त्यावर संस्था हक्क सांगते की काय, अशी शंका लोकांना आली. ‘आम्ही तुमची माहिती कधीही विकणार नाही’ हे जुने वचनही त्याच सुमारास प्रश्नोत्तरांच्या पानावरून गळाले. गदारोळ झाल्यावर काही दिवसांत अटींची भाषा बदलली गेली. प्रत्येक वेळी स्पष्टीकरण आले आणि त्यातील काही पटण्याजोगेही होते. परंतु पुनःपुन्हा स्पष्टीकरण देण्याची वेळ येणे, हीच पत ओसरल्याची खूण असते.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे, की इतरांच्या तुलनेत मोझिलाचा अपराध सौम्य आहे. ‘फेसबुक’ने २०१३ मध्ये ‘ओनाव्हो’ ही इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचे व्हीपीएन ‘संरक्षण’ या नावाखाली फेसबुकच्याच ॲपमधून लोकांच्या गळी उतरवण्यात आले आणि त्याआडून लोक प्रतिस्पर्ध्यांची कोणती ॲप किती वापरतात, याची टिपणे गोळा केली गेली. ‘ॲपल’च्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते त्यांच्या दुकानातून हटवावे लागले. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने यासंदर्भात फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. ‘अवास्ट’ ही तर संगणकाचे रक्षण करणारी म्हणून घराघरांत पोहोचलेली कंपनी. तिने लोकांच्या महाजालावरील भ्रमंतीची माहिती उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलरची वसुली लावली. कुंपणच शेत खाते, ही म्हण आपल्या शेतकऱ्याने केली, तेव्हा त्याच्यासमोर संगणक नव्हता. माणसाचा स्वभाव होता.

पण सौम्य अपराधाची मीमांसा अधिक बोधप्रद असते. कारण तो दुष्टाव्यातून न घडता अगतिकतेतून घडतो. मोझिलाची अगतिकता कशात आहे? फायरफॉक्समध्ये शोधासाठी आरंभीच ‘गूगल’ ठेवलेले असते आणि त्या स्थानासाठी गूगल मोझिलाला पैसे देते. मे २०२५ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात साक्ष देताना मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी सांगितले, की संस्थेच्या व्यापारी शाखेचे सुमारे ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येते आणि त्यातील सुमारे ८५ टक्के एकट्या गूगलकडून येते. म्हणजे ज्याच्या मक्तेदारीशी झुंजायचे, त्याच्याच कोठारातून शिधा यायचा! गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा टिकवली, असा निवाडा न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दिला, तेव्हा या विचित्र नात्यामुळे मोझिलाचेच धाबे दणाणले. सप्टेंबर २०२५ मधील आदेशात असे पैसे देण्यावर सरसकट बंदी आली नाही, म्हणून श्वास मोकळा झाला. पण पराधीनता संपली नाही. या पराधीनतेतून सुटण्यासाठीच सशुल्क सेवांची वाट धरली गेली होती. हेतू स्वावलंबनाचा होता, यात संशय नाही. मात्र ती वाट चालताना उधळले गेले ते नेमके तेच भांडवल, जे जपायचे होते. ऑगस्ट २०२० मध्ये सुमारे २५० कर्मचाऱ्यांना घरी पाठवणाऱ्या आणि २०२२ मध्ये मुख्य अधिकाऱ्यास ६९ लाख डॉलरच्या घरात मेहनताना देणाऱ्या संस्थेकडे पाहताना, तिच्या जुन्या स्वयंसेवकांच्या मनात काय आले असेल, हे स्वयंसेवक या शब्दाचा अर्थ जगणाऱ्यांना सांगायला नको. आज फायरफॉक्सचा जागतिक वापरातील वाटा शेकडा तीनच्याही आत आहे.

डॉ. हेडगेवारांनी संघात गुरुदक्षिणेची पद्धत घातली, त्यामागील दूरदृष्टी अशा वेळी प्रकर्षाने जाणवते. काम वाढवायचे, तर धनिकांच्या देणग्यांवर ते लवकर वाढले असते. पण ज्याचा शिधा खायचा, त्याचा शब्द झेलावा लागतो. म्हणून कामाचा खर्च कार्यकर्त्यांनीच ध्वजापुढे यथाशक्ति समर्पण करून उचलावा, ही परंपरा १९२८ पासून रुजली. ज्या संस्थेचा पोशिंदा तिचा स्वतःचा अनुयायी असतो, तिला अनुयायाशी प्रतारणा करण्याचे कारणच उरत नाही.

यातून वापरकर्त्याच्या वाट्यालाही एक प्रश्न येतो. वीस वर्षांपूर्वी वर्गणी काढून वृत्तपत्रात जाहिरात देणारा समाज पुढे ‘सगळे फुकट हवे’ म्हणणारा झाला नाही काय? वर्तमानपत्राचे, दुधाचे, केबलचे पैसे बिनतक्रार देणारे मध्यमवर्गीय घर संगणक-प्रणालीसाठी शंभर रुपये मोजताना बिचकते. मग ती किंमत दुसऱ्या नाण्यात, आपल्या सवयी आणि आवडीनिवडी यांच्या रूपाने, वसूल केली जाते. जे मोल उघड सांगितलेले असते, ते देण्यात कमीपणा नाही. न सांगता कापून घेतलेल्या मोलापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडते.

हा सारा प्रकार अमेरिकेतला, त्याचे आपल्याला काय, असे म्हणून चालणार नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा एकमुखी निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित होऊन तो टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. या कायद्याने लोकांची माहिती हाताळणाऱ्याला मालक वा व्यापारी म्हटलेले नाही, ‘फिड्युशिअरी’ म्हणजे विश्वस्त म्हटले आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट, पुरेशा माहितीवर आधारलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, असेही तो सांगतो. गंभीर कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भारतीय परंपरेत धन सांभाळणारा धनाचा स्वामी नसून विश्वस्त असतो, ही कल्पना जुनीच आहे. ती विदेच्या युगात कायद्याच्या पुस्तकात आली, याचे स्वागत केले पाहिजे.

मात्र विश्वस्तपण एकतर्फी नसते. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या सायबर-सुरक्षा यंत्रणेने व्हीपीएन पुरवठादारांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि इतर नोंदी पाच वर्षे जपून ठेवण्याचा निर्देश दिला. तो न मानता काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपली यंत्रे हलवली. सीमेपलीकडून चालणारे कट आणि सायबर गुन्हेगारांच्या टोळ्या पाहता तपासयंत्रणांची गरज खरी आहे. राष्ट्राच्या सुरक्षेपुढे परदेशी कंपनीचा हट्ट चालू नये. पण ज्या नोंदी ठेवायला लावल्या, त्यांना पाय फुटणार नाहीत आणि कायदेशीर कारणाखेरीज त्या कोणी उघडणार नाही, ही हमी शासनानेही द्यायला हवी. राज्यसत्ता ही सर्वांत मोठी विश्वस्त आहे. तिला लावायचा निकष खासगी कंपनीहून सैल असू शकत नाही.

स्वदेशी ब्राउझरच्या दिशेने पावले पडू लागली आहेत. केंद्र सरकारच्या स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये ‘झोहो’ या भारतीय कंपनीच्या ‘उला’ या ब्राउझरला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु उलाचा पाया ‘क्रोमियम’ हा आहे आणि त्या पायाची मुख्य देखभाल गूगल करते, हेही डोळ्यांआड करता येत नाही. स्वदेशी म्हणजे नुसती पाटी बदलणे नव्हे. पायापासून कळसापर्यंतचे ज्ञान आपल्या हाती असणे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वापरणाऱ्याशी नाते प्रामाणिक असणे, म्हणजे स्वदेशी. उद्या एखाद्या भारतीय ब्राउझरने अशीच पाटी आडवी घातली, तर ‘आपलाच आहे’ म्हणून तिला सूट देता कामा नये. उलट आपल्या माणसाला आधी जाब विचारला पाहिजे.

घराघरांतून करण्यासारखे बरेच आहे. संरक्षणाच्या नावाने आलेली जाहिरात दिसताच पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही सेवा नेमके कोणापासून वाचवते? माझी माहिती आता कोणाच्या हाती जाणार? आणि ‘नको’ म्हणण्याची सोय सहज आहे की लपवलेली आहे? आजी-आजोबांच्या भ्रमणध्वनीतील खिडक्या आणि परवानग्या घरातील तरुणांनी महिन्यातून एकदा तपासून द्याव्यात. विश्वासाने चालणारी एखादी सेवा उपयोगी वाटत असेल, तर तिचे मोल आनंदाने द्यावे.

आणि कार्यकर्त्यांनी एवढे करावे. वस्तीच्या संपर्कातून, उपक्रमांच्या नोंदणीतून शेकडो घरांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक त्यांच्याही वह्यांत व भ्रमणध्वनीत साठलेले असतात. ज्या कामासाठी ते घेतले, त्याच कामासाठी वापरावेत. ओळखीच्या दुकानदाराला, निवडणुकीच्या उमेदवाराला किंवा नातलगाच्या नव्या धंद्याला ती यादी देण्याचा मोह होईल, तेव्हा चहाचा कप पुढे करणारी ती आजी आठवावी. तिने क्रमांक दिला होता तो माणसाकडे पाहून. परदेशी संस्थेकडून आपण ज्या प्रामाणिकपणाची अपेक्षा करतो, त्याची पहिली परीक्षा आपल्या खिशातल्या वहीपाशी होत असते.